लेकराचा ताबा : न्यायालय काय पाहते?

नारायण पेठेतून मुठा ओलांडली की शिवाजीनगर काही मिनिटांच्या अंतरावर आहे. पेठेतील एखाद्या घरातला कलह विकोपाला गेला, वडीलधाऱ्यांनी व समाजाच्या प्रमुखांनी मध्यस्थी करूनही समेट झाला नाही, म्हणजे त्या घराची वाट तेथील कौटुंबिक न्यायालयाकडे वळते. पोटगी, स्त्रीधन, दागिने यांचे हिशेब व्यापारी घराण्यांना मांडता येतात. मुलाच्या ताब्याचा प्रश्न आला की मात्र चोख खातेवही ठेवणारी माणसेही गोंधळतात. “नातू घराण्याचा वारस आहे, पेढी तोच सांभाळणार, तो आमच्याकडेच राहील,” असे आजोबा ठामपणे सांगतात. न्यायालयात या युक्तिवादाला फारसे वजन नाही.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा 1956 सालचा असून तो जैनांनाही लागू आहे. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा, असे तो सांगतो. आणि पालक ठरवताना मुलाचे हित सर्वांत वर ठेवतो. मुंबई उच्च न्यायालयाने तर त्याआधीच, 1941 साली, पित्याच्या हक्कापेक्षा बालकाचे हित श्रेष्ठ मानून आईच्या बाजूने कौल दिला होता.

श्रीमंतीचेही तसेच. अमेरिकेत स्थायिक झालेले वडील आणि तान्ह्या मुलाला घेऊन भारतात परतलेली आई, असा एक वाद मुंबईतून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. वडिलांची सांपत्तिक स्थिती उत्तम होती, तेथील न्यायालयाचा आदेशही त्यांच्या हाती होता. 1997 साली सर्वोच्च न्यायालयाने मुलगा आईकडेच ठेवला. ज्या मायेच्या छायेत तो वाढला, तिच्यापुढे पैसा दुय्यम ठरला.

पण ज्या घरात मुलाला धोका आहे, तेथे काय? कोलकात्याच्या एका प्रकरणात आईचा मृत्यू झाला होता आणि त्या संदर्भात वडिलांवर फौजदारी खटला चालू होता. मूल आजी-आजोबांकडे, म्हणजे आईच्या माहेरी, होते. खालच्या न्यायालयांनी जन्मदाता म्हणून ताबा वडिलांना दिला. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. वडिलांवरील खटल्याचा विचार झाला नाही, मुलाचे म्हणणे ऐकले गेले नाही, हे दोष दाखवून न्यायमूर्ती स्वतः मुलाशी बोलले. त्याने आजी-आजोबांकडे राहायचे, असे सांगितले. गुजरातमधील अशाच एका वादात, 1992 साली, मुले मामाकडे राहिली.

कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या 2005 च्या कायद्यात दंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा पीडित आईला देऊ शकतात. वडिलांची भेट मुलाला अपायकारक ठरेल असे वाटल्यास ती भेटही नाकारू शकतात. तरी नुसत्या आरोपाने आई किंवा बाप परका होत नाही, आणि व्हायलाही नको. सूडापोटी केलेले आरोपही न्यायालयापुढे येतात. म्हणून न्यायाधीश समुपदेशकांचे मत मागवतात, शंका असल्यास देखरेखीखाली भेट ठरवतात.

आपल्याकडे अभयदानाला सर्व दानांत श्रेष्ठ मानले आहे. त्याच घरात दाराआड मार खाणाऱ्या लेकराविषयी मात्र “बाहेर कळले तर धाकट्या नणंदेचे लग्न जमणार नाही” म्हणून मौन पाळले जाते. या मौनाची किंमत पुढे न्यायालयात मोजावी लागते, कारण तेव्हा हाती काहीच पुरावा नसतो. डॉक्टरांचे कागद, शाळेतील शिक्षकांचे निरीक्षण, पोलिसांकडील नोंद ही त्या त्या वेळीच झालेली बरी. मुलाला मात्र काय बोलायचे ते पढवू नये; अनुभवी न्यायाधीशाला ते दोन वाक्यांत उमगते. तातडीचे संकट असेल तर 1098 हा बालसाहाय्य क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, आणि शेजाऱ्यालाही तो फिरवता येतो.

ताब्याचा आदेश कायमचा नसतो. मूल वाढते, परिस्थिती पालटते. व्यसन सुटलेला बाप किंवा आजारातून सावरलेली आई पुन्हा अर्ज करू शकते, आणि न्यायालय तो नव्याने ऐकते.