लेखणीचें भांडवल

वैद्यकी, वकिली किंवा कारखानदारी पत्करलेल्या माणसानें आपल्या धंद्यासंबंधीं लिहीत बसावें, हें आपल्या सुशिक्षित घरांतूनही फारसें रुचत नाहीं. वडील मंडळी म्हणतात, “काम चोख असलें म्हणजे गिऱ्हाईक आपण होऊन येतें; स्वतःचा डांगोरा कशाला पिटावा?” या म्हणण्यांत सभ्यता आहे, पण काम चोख आहे हें परक्यानें ओळखावें कसें?

लक्ष्मणराव किर्लोस्करांना हाच प्रश्न पडला होता. १९०३ सालीं त्यांनीं लोखंडी नांगर तयार केला. परंतु लोखंडानें जमीन नासते या भीतीनें शेतकरी त्याला हात लावीनात. पुढें १९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसली, कारखाना वाढला, आणि १९२० सालीं लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनीं ‘किर्लोस्कर खबर’ हें लहानसें मासिक काढलें. आरंभीं त्यांत कारखान्याचीच माहिती असे. हळूहळू उद्योगधंदे, विज्ञान, समाजसुधारणा यांवरील लेख येऊं लागले. नांवांतील ‘खबर’ गळली. १९३० सालीं ‘स्त्री’ व १९३४ सालीं ‘मनोहर’ हीं भावंडें जन्मास आलीं. ज्या घरांत नांगर कधीं जायचाच नव्हता, तेथेंही किर्लोस्कर हें नांव आपलेपणानें घेतलें जाऊं लागलें!

अमेरिकेंत नांगर बनविणाऱ्या जॉन डीयर कंपनीनेंही १८९५ सालीं ‘द फरो’ हें शेतीविषयक नियतकालिक सुरू केलें. तें अद्याप निघत आहे.

यांतील मर्म असें कीं, वाचकाला लेखकाच्या मोठेपणाशीं कर्तव्य नसतें; त्याला स्वतःची अडचण सुटायला हवी असते. डॉक्टर व वकील यांना जाहिरात करण्यास त्यांच्या व्यवसायाचे नियमच मनाई करतात. तेव्हां त्यांनीं तर हा भेद कसोशीनें पाळावा. डॉक्टरांनीं आपल्या पदव्या न मिरवितां, मधुमेह्यानें पायांची निगा कशी राखावी तें लिहावें. वकिलांनीं मृत्युपत्राला निदान दोन साक्षीदार कां लागतात तें समजावून सांगावें. रोग्याचें वा अशिलाचें गुपित मात्र लेखांत कदापि येऊं नये. अशा लेखनानें विश्वास तर वाढतोच, शिवाय लिहितां लिहितां स्वतःच्या ज्ञानांतील उणिवाही ध्यानांत येतात. अर्थात् वाईट नांगर लेखणीनें विकला जात नाहीं, हेंही विसरूं नये.

आतां छापखान्याचीही वाट पाहावी लागत नाहीं. घरीं बसून लिहिलेला मजकूर क्षणांत सर्वत्र पोंचतो. उणीव साधनांची नाहीं, चिकाटीची आहे. महिन्याला एकच लेख, पण वर्षभर न चुकतां लिहिला, तरी पुष्कळ झालें.

म्हणून घरांतील मुलगा अगर सून रात्रीं तासभर लिहीत बसली, तर वडील मंडळींनीं दिवा मालवण्याची घाई करूं नये. तीही धंद्याचीच मशागत आहे.