फुटक्या खापरांना विद्यापीठ हवंच

बंगळुरूच्या मारतहळ्ळीहून सुट्टीला पुण्यात जाणाऱ्या मराठी मंडळींनी येरवड्याच्या डेक्कन कॉलेजचं पुरातत्त्व संग्रहालय पाहायला हवं. फुटकी खापरं काय बघायची, असं कुणी म्हणेल. पण कॉलेजनेच १९६८ ते १९८३ मध्ये केलेलं इनामगावचं उत्खनन घ्या. घोड नदीकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत खापरांवरून तिथल्या जोर्वे संस्कृतीचे टप्पे उलगडले. जळकं धान्य आणि हाडं पाहून इ.स.पू. १००० च्या सुमारास शेती घटली, शिकार वाढली, असं पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी मांडलं. नुसत्या देखण्या मूर्तींतून हे कळलं नसतं.

मग या वस्तू सरकारी संग्रहालयात का नकोत? तिथेही असाव्यात. मात्र जुना निष्कर्ष पुन्हा तपासायचा, तर खापर, उत्खननाच्या नोंदी आणि विद्यार्थी एकाच आवारात, म्हणजे विद्यापीठातच, लागतात.