भिंतीलगतचे मेज

गोव्याच्या दमट हवेत भिंतीलगत ठेवावयाचे अरुंद मेज घेताना गिऱ्हाईक प्रथम पॉलिश पाहते; पाहावयास हवी ती फळीची खालची बाजू. दुकानदारास हे रुचत नाही, तरी खण काढून आतही डोकवावे. सागवानाचा गाभा सोनेरी-तपकिरी असतो; कडेचा पांढरट भाग मात्र किडीस लवकर बळी पडतो. शिवाय लाकूड पावसाळ्यात शिरांच्या आडव्या दिशेने फुगते. ते नीट वाळवलेले नसेल, तर श्रावणात खण उघडत नाही आणि वैशाखात फळीला भेग पडते. पाय खिळ्यांनी ठोकलेले नसावेत; खाचेत कुसू बसवून जोडलेले असावेत. शिसवी मेज देखणे खरे, पण जड आणि महाग. साध्या घरास सागवान पुरे. रुंदी १२ ते १५ इंच असावी. ओलसर भिंतीपासून मेज दोन बोटे दूरच ठेवावे.