आवाज बसला, तर?

कोरोनात आवाज बसतो तो बहुधा स्वरयंत्राला सूज आल्याने. दोन-तीन आठवड्यांत तो मोकळा होतो. तोवर कुजबुजत बोला, असा सल्ला घरोघरी मिळतो. पण त्यानेही स्वरतंतूंवर ताण येऊ शकतो. त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं! क्वचित मात्र संसर्गानंतर स्वरतंतू हलवणारी नसच लुळी पडते. बोस्टनच्या ‘मॅसॅच्युसेट्स आय अँड इअर’ रुग्णालयात आलेल्या १५ वर्षांच्या मुलीचे दोन्ही स्वरतंतू असे थिजले. २०२३ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ नियतकालिकात ही नोंद आली. श्वासासाठी तिच्या गळ्याला छिद्र पाडून नळी बसवावी लागली, ती १३ महिन्यांहून अधिक काळ राहिली. महिनाभरात आवाज सुटला नाही, तर वाफ-गुळण्या पुरे करा. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने स्वरयंत्र तपासून घ्या.