पनवेलकर आणि टोलेदानो

उद्या वर्गात हजेरी सुरू झाली की जरा कान देऊन ऐका. पाटील, म्हात्रे, घरत, ठाकूर, भगत... आणि मध्येच एखादा फर्नांडिस. पण तुमची शाळा पनवेलची असेल, तर 'पनवेलकर' बहुधा ऐकू यायचा नाही!

असं कसं? पेपरात तर नेहमी येतं, नळाला पाणी नाही, 'पनवेलकरांचे हाल'. खरंय. पण ते झालं साऱ्या गावाला मिळून म्हणायचं नाव. आडनाव म्हणून 'पनवेलकर' चिकटतं ते पनवेल सोडल्यावर. गावात सगळेच पनवेलचे, तिथं कोण कोणाला पनवेलकर म्हणणार? तुम्ही बिऱ्हाड उचलून मुंबईला गेलात, शेजाऱ्यानं विचारलं, "कुठले हो तुम्ही?" तुम्ही म्हणालात, "पनवेलचे." झालं! गावाला 'कर' जोडला आणि ते नातवंडा-पतवंडांपर्यंत पुरलं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. नकाशात स्पेन काढा. माद्रिदच्या दक्षिणेला ताहो नदीच्या वळणात टोलेदो नावाचं जुनं शहर आहे, एके काळी तलवारींसाठी गाजलेलं. त्यावरून आडनाव झालं 'टोलेदानो'. म्हणजे टोलेदोचा. आपण सरळ 'टोलेदोकर' म्हणू या की!

स्पेनमध्ये दुसऱ्या तऱ्हेची आडनावं बापाच्या नावावरून आली. फर्नांदोचा मुलगा फर्नांदेझ, रोद्रिगोचा रोद्रिगेझ, सान्चोचा सान्चेझ. शेजारच्या पोर्तुगालात याच 'एझ'चा 'एस' होतो. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. तिथल्या ज्या लोकांनी ख्रिस्ती धर्म घेतला त्यांना पोर्तुगीज आडनावं मिळाली. म्हणून तुमच्या वर्गातला फर्नांडिस! तो मराठी तुमच्यासारखीच बोलतो, आणि आडनाव मात्र कुठल्या तरी दूरच्या फर्नांदोचं. (त्याला हे आधीच ठाऊक असेल, तर मी सांगितलं म्हणू नका.)

आणखी एक गंमत. स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावं. टेनिसपटू राफाएल नदालचं पूर्ण नाव राफाएल नदाल परेरा. नदाल वडिलांचं, परेरा आईचं. लग्न झालं म्हणून तिथं बाईचं आडनाव बदलत नाही. हे घरी आईला जरूर वाचून दाखवा.

पण आपण टोलेदानोकडे परत येऊ. १४९२ साल. याच वर्षी कोलंबस जहाजं घेऊन निघाला, ते तुम्ही इतिहासात शिकता. त्याच राजा-राणीनं, फर्दिनांद आणि इसाबेलानं, त्याच वर्षी आणखी एक हुकूम काढला. स्पेनमधल्या ज्यू लोकांनी ख्रिस्ती व्हावं, नाही तर देश सोडावा. मुदत? जेमतेम चार महिने. घरं, मळे मिळेल त्या किमतीला विकून हजारो माणसं निघाली. कुणी तुर्कस्तानात गेलं, कुणी आफ्रिकेत. मोरोक्कोतल्या मेकनेस शहरात टोलेदानो आडनावाचं एक मोठं विद्वान घराणं नांदलं. टोलेदो सुटलं, नावात राहिलं.

आता म्हणाल, याचा पनवेलशी काय संबंध? पनवेलमध्ये ज्यूंचं एक प्रार्थनामंदिर आहे, 'बेथ एल'. १८४९ सालचं! ते बांधणारे आपले बेने इस्रायल. त्यांची परंपरा सांगते की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला त्यांच्या पूर्वजांचं जहाज फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. पुढे ही मंडळी कुलाब्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडातल्या, गावोगावी पसरली आणि तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. बोली मराठीच. आणि आडनावं? पेणकर, रोहेकर, अष्टमकर, पनवेलकर! (पनवेलकर हिंदूंमध्येही आहेत, बरं का.)

त्यांच्यातलं एक नाव मला फार आवडतं: सामाजी हसाजी दिवेकर. सामाजी म्हणजे सॅम्युएल, हसाजी म्हणजे त्यांचे वडील एझिकेल, दिवेकर म्हणजे दिवे गावचे. बापाचं नाव आणि गावाचं नाव, दोन्ही एकाच माणसाजवळ! हे कंपनी सरकारच्या फौजेत होते, टिपूच्या कैदेतून सुटून आले आणि १७९६ साली त्यांनी मुंबईतलं पहिलं ज्यू प्रार्थनामंदिर बांधलं. बेने इस्रायल त्याला 'मशीद'च म्हणत. मस्जिद बंदर स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं, असं सांगतात.

१९४८ साली इस्रायल देश झाला आणि बेने इस्रायल हजारोंनी तिकडे गेले. तिथं एक वेगळंच संकट उभं राहिलं. लग्न ठरलं की धर्मपीठ विचारी, तुमचे पूर्वज खरंच ज्यू होते कशावरून? शेकडो वर्षं कोकणात शनिवार पाळलेल्या माणसांना हा प्रश्न! बायकामुलांसह लोक निदर्शनाला बसले. अखेर १९६४ साली तिथल्या सरकारनं जाहीर केलं की बेने इस्रायल सर्व बाबतींत इतर ज्यूंच्या बरोबरीचे आहेत.

त्या देशात मोरोक्कोतून आलेले टोलेदानोही आहेत. लोद, अश्दोद, दिमोना अशा गावांत कोकणातून आलेल्यांची वस्ती झाली. तिथं दारावरच्या पाट्या हिब्रूत असतात आणि हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात. त्यामुळे तिथल्या पेणकरांच्या पाटीवर 'पेण' उजवीकडे आणि 'कर' डावीकडे!