धुराविरुद्ध मुलांची फिर्याद

अमेरिकेतील मोंटाना राज्यात तापमानवाढीने जंगले वाळतात, उन्हाळ्यात वणवे पेटतात आणि धूर आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. वजनाच्या मानाने मुले मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात. त्यात त्यांची फुप्फुसे अजून वाढत असतात. म्हणून हा धूर त्यांना अधिक बाधतो. दमा असेल तर विचारूच नका.

२०२० मध्ये तिथल्या १६ मुला-तरुणांनी राज्य सरकारलाच कोर्टात खेचले. सर्वांत धाकटा फिर्यादी अवघ्या २ वर्षांचा! (कोळशाचे प्रचंड साठे असलेल्या राज्यात हे धाडसच.) आरोग्यदायी पर्यावरणाचा हक्क राज्यघटनेत होता; पण प्रकल्पांचा पर्यावरणीय आढावा घेताना हवामानबदल विचारात घ्यायला कायद्यानेच मनाई होती. २०२३ मध्ये न्यायालयाने ती मनाई घटनाबाह्य ठरवली. डिसेंबर २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही निकाल कायम ठेवला. तोवर तो धाकटा सहा-सात वर्षांचा झाला होता.