वय, दृष्टी आणि सरळ रेषेची पारख

वृत्तपत्र वाचावयास चष्मा लागणारा वृद्ध गवंडी भिंत ओळंब्यात आहे की नाही, हे पुष्कळदा नुसत्या नजरेने सांगतो. यात नवल वाटण्याजोगे काही नाही. अक्षर ओळखणे ही दृष्टीची एक शक्ती, तर दोन रेषा एका रांगेत आहेत की किंचित सरकल्या आहेत, हे ओळखणे ही दुसरी. शाळेतील व्हर्निअर मापक या दुसऱ्या शक्तीवरच वाचला जातो.

६ मीटरवरून निरोगी डोळ्यास सुमारे पावणेदोन मिलिमीटरचा बारकावा वेगळा दिसतो. रेषांमधील सरक मात्र ०.३ मिलिमीटर असली तरी सरावलेल्या माणसाच्या ध्यानात येते. दृष्टिपटलावरील एका प्रकाशग्राही पेशीच्या रुंदीहूनही ती कमी भरते! अनेक पेशींच्या संदेशांवरून मेंदू रेषेचे स्थान ठरवितो, म्हणून हे साधते. जेराल्ड वेस्टहायमर यांनी १९७५ मध्ये या शक्तीस ‘हायपरअ‍ॅक्युइटी’ असे नाव दिले.

बालपणी ही शक्ती साध्या दृष्टीपेक्षा उशिरा परिपक्व होते. उतारवयाची कथा निराळी. चाळिशीच्या सुमारास नेत्रभिंग ताठर होते (‘चाळिशी’ हे चष्म्याचेच नाव होऊन बसले आहे व प्रस्तुत लेखकाच्याही नाकावर ती आली आहे). पुढे भिंग धूसर होते. रेषांच्या परीक्षेत मात्र वृद्धांची पीछेहाट काही प्रयोगांत थोडी दिसली, काहींत दिसलीच नाही. धूसरतेने प्रकाशबिंदू पसरट दिसला तरी त्याचा मध्य सहसा ढळत नाही.

याचा उपयोग मोतीबिंदूच्या रुग्णांस होतो. मोतीबिंदू दाट असता डॉक्टरांस आतील पडदा दिसत नाही. मग शस्त्रक्रियेने दृष्टी परतेल काय, हे कसे सांगावे? अशा वेळी रुग्णास तेजस्वी प्रकाशबिंदू एका रेषेत जुळवावयास लावतात. जुळणी अचूक असल्यास पडदा शाबूत असण्याची आशा बळावते. अमेरिकेतील जे इनॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात या परीक्षेचा अभ्यास केला.

सरळ रेषाच नागमोडी दिसू लागली, तर मात्र ‘वयच झाले’ म्हणून सोडून देणे घातक होय. तो पडद्याच्या मध्यभागाचा विकार असू शकतो. नेत्रशिबिराची यादी करताना ग्रामपंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी वृद्धांस नेहमीचा चष्मा लावून, एकेक डोळा झाकून दाराची चौकट पाहावयास सांगावे. ती वाकलेली दिसत असल्यास शिबिराची वाट न पाहता त्यांस त्वरित नेत्रतज्ज्ञाकडे धाडावे.